एक कर्मचारी, दोन वरिष्ठ : मनुष्यबळ प्रणालीतील मॅट्रिक्स रचना

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, अशी म्हण आहे. व्यवस्थापनशास्त्राचा प्रारंभीचा सिद्धान्तही हाच होता. फ्रेंच व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या चौदा तत्त्वांपैकी ‘आदेशातील एकवाक्यता’ हे एक तत्त्व होय. कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत, असा त्याचा अर्थ. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हे तत्त्व आजही अभ्यासतात. प्रत्यक्ष उद्योगजगतात मात्र एकाच वेळी विभागप्रमुख आणि प्रकल्पप्रमुख अशा दोघांना उत्तरदायी असलेले कर्मचारी असंख्य आहेत. या व्यवस्थेला ‘मॅट्रिक्स रचना’ म्हणतात. ती कागदावर आखणे सोपे असते. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीत ती उतरवताना मात्र खरी कसोटी लागते.

रचनेचा उगम

१९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेतील विमान व अवकाश उद्योगात ही रचना रुजली. तेथे अभियंते आपापल्या तांत्रिक विभागात राहत आणि त्याच वेळी एखाद्या प्रकल्पासाठीही काम करीत. स्टॅनली डेव्हिस आणि पॉल लॉरेन्स यांनी १९७७ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. पुढील वर्षी त्यांनी या रचनेला जडणाऱ्या व्याधींची यादीच प्रसिद्ध केली. सत्तासंघर्ष, अराजक आणि निर्णयांची गळचेपी या त्यांपैकी काही. स्वीडनची ‘असीआ’ आणि स्वित्झर्लंडची ‘ब्राऊन बोव्हेरी’ यांच्या विलीनीकरणातून १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘एबीबी’ ही मॅट्रिक्सचे सर्वांत गाजलेले उदाहरण ठरली. तेथे देश आणि व्यवसाय अशा दोन दिशांनी जबाबदारी वाटलेली होती. तथापि, याच कंपनीने १९९८ मध्ये ही रचना मोडीत काढली. ती राबवणे किती अवघड आहे, हे यावरून लक्षात यावे.

प्रणालीची भाषा

मनुष्यबळ प्रणालीत संस्थेचा आराखडा चित्ररूपाने नव्हे, तर नोंदी आणि त्यांच्यातील संबंध या रूपाने साठवला जातो. ‘सॅप’ या प्रणालीतील संघटन व्यवस्थापनाचे उदाहरण पाहता येईल. तेथे विभाग, पद आणि व्यक्ती या स्वतंत्र नोंदी असतात. पद विभागाचे आहे, हे ००३ क्रमांकाचा संबंध सांगतो. पदावर कोण आहे, हे ००८ सांगतो. विभागाचे प्रमुखपद कोणते, हे ०१२ वरून कळते, तर एक पद दुसऱ्या पदाला उत्तरदायी असल्याचे ००२ दर्शवतो. प्रत्येक नोंदीला आणि संबंधाला प्रारंभाची व समाप्तीची तारीख असते.

दोन वरिष्ठांचा प्रश्न बहुतेक प्रणालींनी सारख्याच रीतीने सोडवला आहे. मुख्य वरिष्ठाकडे जाणारी रेषा सलग, तर दुसऱ्याकडे जाणारी तुटक. ‘पीपलसॉफ्ट’मध्ये पदाच्या नोंदीत तुटक रेषेसाठी वेगळा रकाना आहे. ‘सक्सेसफॅक्टर्स’मध्ये ‘मॅट्रिक्स मॅनेजर’ हे स्वतंत्र नाते नोंदवता येते. ‘वर्कडे’मध्ये मूळ विभागाला धक्का न लावता कर्मचाऱ्याला वेगळ्या मॅट्रिक्स गटात घेता येते.

येथेच मोठा गैरसमज होतो. तुटक रेषा ओढली की दुसऱ्या वरिष्ठाला अधिकार मिळाले, असे अनेकांना वाटते. वास्तविक ती रेषा म्हणजे केवळ एक नोंद होय. रजेचा अर्ज कोणाकडे जावा, मूल्यमापन कोणी लिहावे, वेतनवाढीची शिफारस कोणी करावी, हे प्रणालीला स्वतंत्रपणे सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर सर्व कागद सलग रेषेनेच वर जातात.

समजा, पुण्यातील एक चाचणी अभियंता वर्षभर फ्रँकफर्टमधील प्रकल्पप्रमुखाच्या हाताखाली काम करीत आहे. प्रणालीत तिचे नाते केवळ पुण्यातील विभागप्रमुखाशी कार्यान्वित आहे. वर्षअखेरीस तिचे मूल्यमापन असा वरिष्ठ लिहितो, ज्याने तिचे काम पाहिलेलेच नाही. ज्याने पाहिले, त्याच्यापर्यंत तो तक्ता पोहोचतच नाही. पदोन्नती हुकते, ती अशा एका रिकाम्या रकान्यापायी.

उभारणीचा क्रम

पहिली पायरी संगणकाबाहेरची आहे. दैनंदिन काम, रजा, कामाच्या तासांची नोंद, मूल्यमापन, वेतनवाढ, बदली व शिस्तभंग यांचा तक्ता करावा. प्रत्येकापुढे निर्णय कोणाचा, सल्ला कोणाचा आणि केवळ माहिती कोणाला, हे लिहावे. निर्णयाच्या रकान्यात एकच नाव असावे. दोन वरिष्ठांत हा तक्ता मान्य झाल्याशिवाय प्रणालीला हात लावू नये. माणसांनी टाळलेला निर्णय यंत्र घेऊ शकत नाही.

दुसरी पायरी म्हणजे संबंध शक्यतो पदांमध्ये जोडणे. व्यक्ती बदलली तरी पद राहते. व्यक्तीला व्यक्तीशी जोडले, तर प्रत्येक राजीनाम्यानंतर रेषा नव्याने ओढाव्या लागतात.

तिसरी पायरी सलग रेषेची. प्रत्येक पदाला एक आणि एकच मुख्य वरिष्ठ असावा. सेवापुस्तिका, वेतन आणि शिस्त यांचा आधार हीच रेषा असते.

त्यानंतर तुटक रेषा जोडाव्यात. प्रत्येकीचा प्रकार ठरवावा. प्रकल्पाची, प्रदेशाची आणि तांत्रिक मार्गदर्शनाची रेषा एकाच नावाखाली नोंदवल्यास पुढे त्या वेगळ्या करता येत नाहीत. प्रकल्पाच्या रेषेला समाप्तीची तारीख अवश्य द्यावी.

पाचवी पायरी मंजुरीच्या मार्गांची. आधीच्या तक्त्यातील प्रत्येक निर्णय कोणत्या रेषेने जाईल, हे येथे बांधले जाते. संबंधित पद रिक्त असल्यास अर्ज कोणाकडे वळवावा, हेही सांगून ठेवावे. अन्यथा प्रकल्पप्रमुख नोकरी सोडून जातो आणि त्याच्याकडे गेलेले अर्ज रिकाम्या खुर्चीसमोर पडून राहतात.

शेवटी प्रश्न येतो तो माहिती पाहण्याच्या अधिकारांचा. प्रकल्पप्रमुखाला कर्मचाऱ्याचे कौशल्य आणि रजेचे वेळापत्रक दिसणे आवश्यक आहे. वेतन, वैद्यकीय कागदपत्रे वा घरचा पत्ता दिसण्याचे कारण नाही. भारतात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असल्याने या मुद्द्याला कायदेशीर महत्त्वही आले आहे.

हमखास होणाऱ्या चुका

काही ठिकाणी कर्मचाऱ्याला दोन वरिष्ठ दाखवण्यासाठी दोन पदांवर नेमले जाते. मग तो अहवालात दोनदा मोजला जाण्याचा धोका असतो आणि कर्मचारीसंख्येचा मेळ बसत नाही. प्रश्न केवळ खर्चाच्या विभागणीचा असेल, तर वेतनखर्च टक्केवारीने दोन खर्चकेंद्रांत वाटण्याची सोय प्रणालीत असते. त्यासाठी दुसरे पद निर्माण करण्याची गरज नाही.

दुसरी चूक वर्तुळाची. पहिले पद दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला आणि तिसरे पुन्हा पहिल्याला उत्तरदायी, अशी साखळी अनवधानाने तयार होते आणि मंजुरीचा अर्ज त्यात फिरत राहतो.

तिसरी चूक विस्मरणाची. प्रकल्प संपतो, पण तुटक रेषा तशीच राहते. जुना प्रकल्पप्रमुख अनेक महिने कर्मचाऱ्याची माहिती पाहू शकतो. दर तिमाहीला सर्व तुटक रेषांची यादी काढून ती दोन्ही वरिष्ठांकडून तपासून घेणे, हा यावरील साधा उपाय होय.

रचना सर्वांसाठी खुली करण्यापूर्वी नमुन्यादाखल काही कर्मचारी निवडून त्यांची रजा, मूल्यमापन आणि बदली आरंभापासून अखेरपर्यंत चालवून पाहावी. प्रत्येक अर्ज कोणाच्या पडद्यावर थांबतो, हे डोळ्यांनी पाहावे. विभागप्रमुख आणि प्रकल्पप्रमुख यांच्याबरोबरच त्या दोघांच्या मधल्या कर्मचाऱ्यालाही या चाचणीत सामील करून घ्यावे. दोन तलवारींची धार अखेर म्यानालाच सोसावी लागते.