नकाशाचे थर आणि नाहीशी होणारी निळी रेघ

‘नकाशा’ आणि ‘नक्कल’ हे मराठीत फारसीच्या वाटेने आलेले दोन अरबी शब्द असून, पहिल्याच्या मुळाशी कोरणे-रेखाटणे आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी एका जागेहून दुसरीकडे नेणे. कागदी आराखड्यांच्या कॅड (संगणकावर आराखडे काढण्याच्या प्रणालीतील) फाइली करण्याच्या आजच्या कामाची कुळी या दुसऱ्या शब्दाकडूनच शोधावी लागते, आणि तिचा एक धागा कोलकात्याच्या सर्वेक्षण कचेरीत सापडतो. जेम्स रेनेल 1767 मध्ये बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला, पण त्याच्या नकाशांचे ताम्रपट लंडनमध्ये कोरले गेले. आज परदेशातील आराखडे फाइली होण्यासाठी भारतात येतात, म्हणजे प्रवासाची दिशा उलटली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या कचेरीत फोटोझिंकोग्राफी, म्हणजे आराखड्याचे छायाचित्र घेऊन ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापण्याची पद्धत, रुळली आणि 1866 पासून तीस वर्षांहून अधिक काळ जेम्स वॉटरहाउस तेथील छायाचित्रण विभागाचा प्रमुख होता. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचेला निळा प्रकाश तीव्रतेने लागत असे, त्यामुळे निळी रेघ कोऱ्या कागदासारखीच उमटे. (पिवळ्या-हिरव्या रंगांविषयीचे तिचे आंधळेपण इओसिन या रंगद्रव्याने कमी होते, हे 1875 च्या सुमारास दाखवणारा वॉटरहाउसच.) निळ्याचा हा दोष सर्वेक्षण खात्याने पुढे गुण म्हणून वापरला: जागेवर काढलेला नकाशा फिकट निळ्या रंगात छापून आरेखक त्यावर काळ्या शाईने गिरवीत, आणि छायाचित्रात फक्त काळे उरे. निळ्यावर पांढऱ्या रेघांच्या, हर्शेलच्या 1842 च्या शोधातून आलेल्या प्रसिद्ध ‘ब्ल्यू प्रिंट’शी याची गल्लत करू नये. त्याच निळ्या प्रतीच्या एका तावावर रस्ते-नद्या, तर दुसऱ्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, गिरवल्या जात. छपाईच्या रंगांसाठी केलेली ही फारकत म्हणजे कॅडमधील ‘लेयर’ची, थराची, पूर्वजच म्हणावी लागेल.

संगणकाच्या पडद्यावर आकृती काढण्याची सोय सदरलँडच्या ‘स्केचपॅड’ने 1963 मध्ये दाखवली, आणि 1982 मध्ये ऑटोकॅडबरोबर डीएक्सएफ हे देवाणघेवाणीचे स्वरूप आले. स्कॅन केलेले चित्र नुसते ठिपक्यांचे असते. कॅडमध्ये रेघ म्हणजे तिच्या दोन टोकांचे अंक. डीएक्सएफ ते अंक वाचता येतील अशा मजकुरात लिहिते, ऑटोकॅडचे स्वतःचे डीडब्ल्यूजी ते संगणकालाच कळेल अशा संकेतात साठवते, तर डीजीएन हे मायक्रोस्टेशन या दुसऱ्या कॅड प्रणालीचे स्वरूप. एकातून दुसऱ्यात जाताना कमानीचे तुकडे पडतात, अक्षरांचे वळण बदलते. म्हणून एकच आराखडा अनेक स्वरूपांत देताना प्रत्येक फाइल उघडून तपासणे अटळ ठरते.

कागद बंगालच्या दमट हवेत प्रसरतो, कोरड्यात आकसतो. म्हणून स्कॅन झालेला ताव आधी चौकटीच्या ज्ञात बिंदूंवर ओढून बसवतात, ज्याला ‘रबर-शीटिंग’ म्हणतात. मग ते चित्र पडद्यावर फिके करून तळाच्या थरात ठेवले जाते, वरच्या थरांत एकेक रेघ गिरवली जाते, आणि काम संपले की तळाचा थर बंद होतो.