टोपणाचे माप

बा कापसावर औषध मारायचा तेव्हा त्याचे माप म्हणजे बाटलीचे टोपण. पाठीवरच्या पंपात पाणी आणि पाण्यात दोन टोपणे. मालकाचा पोरगा धुऱ्यावर उभा राहून सांगायचा, "अजून एक टाक बे, किडा मेला पाह्यजे." बा तिसरे टाकायचा. पुढे मी शिकलो, मास्तर झालो. एका सुट्टीत घरामागे पडलेल्या जुन्या बाटल्यांची टोपणे गोळा केली आणि दवाखान्यातल्या सिरिंजने त्यांत पाणी भरून पाहिले. एकात पाच मिलिलिटर मावले, दुसऱ्यात दहाच्या वर. म्हणजे बाने आयुष्यभर जे मोजले, ते मोजलेच नव्हते.

औषध मोजून घाला, असे आज प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगतात. ते चूक नाही. जास्त औषधाने कीड जास्त मरत नाही. चिवट कीड तेवढी उरते आणि तिचीच वीण वाढते. पण मोजायचे म्हणजे कुणासाठी आणि काय मोजायचे, या प्रश्नाला एक इतिहास आहे. चळवळीतल्या आपण माणसांनी तो फारसा वाचलेला नाही.

बोर्डो मिश्रणाचेच घ्या. मोरचूद आणि चुना यांचे हे मिश्रण आपल्याकडे द्राक्षबागांत घरोघरी ठाऊक आहे. त्याचा जन्म फ्रान्समधल्या बोर्डोजवळचा. रस्त्यालगतच्या वेलींवरची द्राक्षे येणारेजाणारे तोडून खात, म्हणून बागाईतदार त्यांवर मोरचूद-चुन्याचे निळसर पाणी शिंपडत. ते पाहून वाटसरू भ्यावा, एवढाच हेतू. १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, रस्त्याकडेच्या वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ मध्ये त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. म्हणजे हे औषध रोगावर निघाले नाही, भुकेल्या माणसाच्या हातावर निघाले! लहानपणी "हरभऱ्याला औषध मारलंय रे" अशी आरोळी ऐकून आम्हीही धुऱ्यावरून पळत असू.

पण या मिश्रणात एक गोष्ट फार चांगली होती. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. नीट जमले की नाही हे पाहायला लोखंडाची घासलेली पट्टी किंवा विळ्याचे पाते त्यात बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हे माप कळत होते. नंतर आलेल्या रसायनांनी हे पाते मजुराच्या हातून काढून घेतले. आता माप बाटलीवरच्या बारीक अक्षरांत गेले.

१९२७ साली इंग्लंडमध्ये ट्रेव्हन या शास्त्रज्ञाने औषधांची ताकद मोजण्याची नवी रीत मांडली. प्रयोगातले निम्मे प्राणी मरतील एवढी मात्रा, हे ते माप. (त्याच वर्षी आपण महाडला पाण्यासाठी उभे होतो. आमच्या मरणाचे असे माप कुणी काढत नव्हते.) पुढे कीटकनाशकांना तेच माप लावले गेले. आपल्याकडे १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. डब्यावरचा रंगीत त्रिकोण या नियमांतला. जनावराच्या दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत मारणारे ते लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. रबरी हातमोजे, बूट, चष्मा, टोपी हेही नियमांत लिहिले आहे. ऑक्टोबरच्या उन्हात पऱ्हाटीत रबर घालून आठ तास उभे राहणारा माणूस नियम लिहिणारांनी पाहिला होता की नाही, कोण जाणे. बाने हातमोजा पाहिला तो माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत.

हा पंप पाठीवर आला कधी? १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्याच वर्षी संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे वाण आले. १९७० मध्ये कापसाचे एच-४ आले. संकरित पिकाला खत हवे, पाणी हवे आणि फवारणी हवी. आम्ही मागितली होती जमीन. आमच्या वस्तीला मिळाला पंप. सुरुवातीला बीएचसीची पावडर पातळ फडक्यात बांधून झाडावर झटकायची, मग एंड्रीन. हे नाव गावात इतके रुळले की कुठलेही कीटकनाशक म्हणजे एंड्रीन. १९९० मध्ये त्यावर बंदी आली तरी तोंडातले नाव गेले नाही.

ढोरे ओढणे आमच्या माणसांनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून सोडले. हे नवे काम सोडता आले नाही, कारण याला रोजी दहा-वीस रुपये जास्त मिळत. फवारणीच्या दिवशी मालकीण चहा वरून ओतायची. "औषधाचे हात हायेत, लांब बस." बा घरी येऊन हसायचा. "पयले जात होती, आता औषध हाय." पण लांब बसवणाऱ्या त्या घरातून हात धुवायला साबण कधी आला नाही.

आता हिशोब बघा. शिफारस असते दहा लिटर पाण्याला, पंप असतो पंधरा-सोळा लिटरचा. वीस मिलिलिटर सांगितले असेल तर सोळा लिटरला बत्तीस. पेट्रोल पंपाला पाणी कमी लागते, म्हणून औषधाचे प्रमाण तिप्पट करा, असे कृषी खाते सांगते. एकराचा हिशोब त्याने बरोबर राहतो. पण नळीतून उडणारा थेंब तिप्पट जहाल झालेला असतो, शिवाय बारीक. तो वाऱ्याबरोबर जातो तो फवारणाऱ्याच्या नाकातोंडात. पिकाचे माप अचूक असूनही माणसाचे चुकते ते इथे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो दवाखान्यात गेली. पऱ्हाटी त्या साली डोक्यावर वाढली होती. वर तोंड करून फवारले की सगळे अंगावरच येते. मेलेल्यांत शेतमजूर होते, थोडी जमीन असलेले शेतकरीही होते. नंतरच्या चर्चेत दोष आला तो त्यांच्याच माथी: मास्क लावला नाही, दोन-तीन औषधे कालवली, मात्रा पाळली नाही. दुकानदाराने काय कालवायला सांगितले, हे विचारणारे थोडे होते.

माणसाच्या अंगातले विष मोजता येते. ऑरगॅनोफॉस्फेट जातीची औषधे रक्तातले कोलिनेस्टरेज खाली आणतात. हंगामाआधी एकदा आणि हंगामात मधूनमधून रक्त तपासले, तर घाम-लाळ सुटण्याच्या आधीच कळते की या माणसाला आता पंपापासून दूर ठेवा. कॅलिफोर्नियात अशी विषे नियमित हाताळणाऱ्या मजुरांची तपासणी १९७४ पासून सक्तीची आहे.

गेल्या हंगामात आमच्या गावातल्या मजुरांनी रोजी ठरवताना चार गोष्टी मागितल्या: रेघा असलेले मापाचे भांडे, साबण, दिवसाला पंप किती याचा आकडा आणि रक्ताची तपासणी. भांडे आले. साबणही आला. पंपांचा आकडा दोन दिवस भांडून बारावर ठरला. रक्ताचे विचारायला मी स्वतः सोबत गेलो होतो. तालुक्याला तशी सोय नाही, असे उत्तर मिळाले. अर्जाची पोच मी जपून ठेवली आहे.