तलवारबाजी : युवा गटांची निवड व पात्रता

तलवारबाजी, युवा गटांतील : फॉइल, एपे व सेबर या तीन शस्त्रांनी खेळल्या जाणाऱ्या आधुनिक तलवारबाजीत सतरा व वीस वर्षांखालील खेळाडूंसाठी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि त्यांत प्रवेश मिळविण्याची रीत. सतरा वर्षांखालील गटास ‘कॅडेट’ व वीस वर्षांखालील गटास ‘ज्युनिअर’ अशा संज्ञा आहेत. महाराष्ट्रात हा खेळ शाळांतून आणि जिल्हा संघटनांतून वाढला. त्यामुळे अंधेरीसारख्या उपनगरातील एखाद्या मुलास वा मुलीस परदेशातील स्पर्धेपर्यंत जावयाचे झाल्यास ज्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या खेळाच्या येथील प्रसाराचाच इतिहास होय.

तलवारबाजी म्हटले, की मराठी वाचकाच्या मनात प्रथम दांडपट्टा उभा राहतो. कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ आणि लांब, लवचिक पाते असलेले हे शस्त्र मराठ्यांच्या युद्धकलेत मोलाचे होते. पुढे आखाड्यांनी ते जतन केले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादिलेल्या व्यायाम ज्ञानकोशात देशी शस्त्रविद्येची सविस्तर नोंद आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. तथापि आधुनिक तलवारबाजी ही या परंपरेची शाखा नव्हे. ती इटली, फ्रान्स व स्पेन या देशांतील द्वंद्वविद्येतून निपजली. पट्ट्याचा हात खांद्यापासून चौफेर फिरतो, तर आधुनिक तलवारबाज सु. १४ मी. लांब व दीड ते दोन मी. रुंद पट्टीवर केवळ पुढेमागे सरकत लढतो. शिवकालीन वारशाचा उल्लेख या खेळाच्या उद्‌घाटनसमारंभांत जितका होतो, तितका त्याच्या सरावात होत नाही, हे नमूद करावयास हवे.

आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघाची स्थापना पॅरिस येथे १९१३ मध्ये झाली. पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत (१८९६) फॉइल व सेबर ही शस्त्रे होती. एपेचा समावेश १९०० मध्ये झाला. स्त्रियांना फॉइलमध्ये १९२४ साली, एपेमध्ये १९९६ साली व सेबरमध्ये तर २००४ साली प्रवेश मिळाला. तिन्ही शस्त्रांचे नियम भिन्न आहेत. फॉइलमध्ये केवळ टोकाने व केवळ धडावर केलेला स्पर्श ग्राह्य धरतात. एपेमध्ये सर्वांग हे लक्ष्य असते. सेबरमध्ये कमरेच्या वरच्या भागावर टोकाने अथवा धारेने वार करता येतो. फॉइल व सेबर यांत दोघांचे स्पर्श एकाच वेळी झाल्यास ज्याच्याकडे आक्रमणाचा हक्क असेल त्यास गुण मिळतो. एपेमध्ये मात्र तो दोघांनाही मिळतो. सुरुवातीस मुले बहुधा फॉइलने शिकतात; परंतु निवडस्पर्धा शस्त्रवार होत असल्याने शस्त्राची निवड फार काळ लांबणीवर टाकता येत नाही.

वयोमर्यादा : युवा गटांतील पात्रतेची पहिली अट वयाची आहे. स्पर्धावर्षाच्या आधीच्या ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री ज्याचे वय सतरा वर्षांहून कमी असेल तोच कॅडेट व वीस वर्षांहून कमी असेल तोच ज्युनिअर मानला जातो. त्याचप्रमाणे स्पर्धावर्षाच्या १ जानेवारीस तेरा वर्षे पूर्ण न झालेल्या खेळाडूस महासंघाच्या अधिकृत स्पर्धांत भाग घेता येत नाही. या नियमाचा परिणाम वरवर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. उदा., १ जानेवारी २००९ रोजी जन्मलेली मुलगी २०२६ च्या जागतिक कॅडेट स्पर्धेस पात्र ठरते. तिच्याहून एकच दिवस आधी जन्मलेल्या मुलीस मात्र त्या वर्षी विशीच्या उंबरठ्यावरील खेळाडूंशी ज्युनिअर गटात झुंजावे लागते. वर्षारंभी जन्मलेल्या मुलांना असा लाभ सर्वच वयोगटांच्या खेळांत मिळतो. तथापि ज्या खेळात हाताची लांबी व उंची निर्णायक ठरू शकते, त्यात तो विशेष जाणवतो. कॅडेट खेळाडूस ज्युनिअर गटातही उतरता येते आणि होतकरू खेळाडू बहुधा दोन्ही गटांत खेळतात.

भारतातील वाटचाल : भारतीय तलवारबाजी संघ १९७४ साली स्थापन झाला. त्याच वर्षी तेहरान येथील आशियाई क्रीडासामन्यांत या खेळाचा प्रथमच समावेश झाला. केंद्र शासनाची मान्यता मिळण्यास मात्र १९९७ साल उजाडावे लागले. मान्यतेखेरीज अनुदान नाही, अनुदानाखेरीज विद्युत्‌साधने नाहीत आणि विद्युत्‌साधनांखेरीज आंतरराष्ट्रीय दर्जाचा सराव नाही, अशी साखळी असल्याने ही दोन दशके या खेळाला फार महागात पडली. ऑलिंपिक सामन्यांत एपेच्या स्पर्शांची विद्युत्‌नोंद १९३६ पासून, फॉइलची १९५६ पासून व सेबरची १९९२ पासून होऊ लागली होती. म्हणजे भारतात खेळाने मूळ धरले तोवर जगात तो उघड्या डोळ्यांनी निवाडा करण्याचा खेळ राहिलाच नव्हता.

राष्ट्रकुल सामन्यांत १९५० ते १९७० पर्यंत तलवारबाजीचा समावेश होता. नंतर ती वगळण्यात आली. पुणे येथे २००८ साली भरलेल्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धेतही नऊ खेळांत तिला स्थान नव्हते. त्यामुळे घरच्या अंगणात भरलेल्या या सर्वांत मोठ्या युवा स्पर्धेचा लाभ महाराष्ट्रातील तलवारबाजांना मिळाला नाही. राष्ट्रकुल देशांची तलवारबाजी स्पर्धा स्वतंत्रपणे भरते आणि तीत युवा गटही असतात. खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धांत हा खेळ मध्य प्रदेशातील स्पर्धेपासून (२०२३) आला.

दोन शिड्या : मुंबई उपनगर हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबईपासून वेगळा झाला, अंधेरी, बोरीवली व कुर्ला हे त्याचे तीन तालुके होत. क्रीडाप्रशासनाच्या दृष्टीने ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण अंधेरीतील खेळाडू मुंबई शहराचा नव्हे, तर उपनगर जिल्ह्याचा प्रतिनिधी म्हणून उतरतो. त्याच्यापुढे दोन शिड्या असतात. पहिली शालेय शिडी. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने जिल्हा, विभाग व राज्य या क्रमाने १४, १७ व १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा होतात. राज्याच्या आठ विभागांतील विजेते एकत्र येतात आणि त्यांतून भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडला जातो. या शिडीचे वरचे टोक म्हणजे आंतरराष्ट्रीय शालेय क्रीडा महासंघाची जिम्नेझियाड स्पर्धा. तीतही तलवारबाजीचा समावेश झालेला आहे.

दुसरी शिडी संघटनेची. जिल्हा संघटनेच्या निवडस्पर्धेतून राज्य अजिंक्यपद स्पर्धा, तीतून राज्याचा संघ, मग राष्ट्रीय कॅडेट अथवा ज्युनिअर अजिंक्यपद स्पर्धा आणि तेथील क्रमांक व निवडचाचणी यांवरून भारताचा संघ, असा हा क्रम आहे. आशियाई व जागतिक युवा स्पर्धांचा मार्ग याच शिडीने जातो. दोन्ही शिड्यांवर खेळाडू तेच असले, तरी एकीवरील यश दुसरीवर धरले जात नाही. शालेय सुवर्णपदक मिळविलेल्या मुलाने संघटनेची निवडस्पर्धा चुकविली, तर जागतिक स्पर्धेच्या दृष्टीने त्याचे ते वर्ष वाया जाते. पालकांना ही गोष्ट पुष्कळदा उशिरा उमगते. याउलट शालेय स्पर्धांना परीक्षेतील सवलतीच्या गुणांमुळे आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणामुळे क्रीडेतर महत्त्वही आलेले आहे. दहावीबारावीच्या उंबरठ्यावर खेळ सोडणारी मुले या सवलतींमुळे काही काळ टिकून राहतात, हा त्यांचा लाभ नाकारता येत नाही.

निवडस्पर्धेची रचना सर्वत्र सारखीच असते. प्रथम सहासात जणांचे गट पाडून प्रत्येकास गटातील प्रत्येकाशी लढावे लागते. लढत पाच स्पर्शांची वा तीन मिनिटांची असते. जिंकलेल्या लढतींचे प्रमाण आणि दिलेल्या व घेतलेल्या स्पर्शांतील फरक यांवरून क्रमवारी लावतात व तिच्या आधारे पंधरा स्पर्शांची बाद फेरी खेळवितात. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूस खालच्या क्रमांकाचा प्रतिस्पर्धी लाभतो. त्यामुळे सकाळच्या गटात हरलेल्या लढतीतही घेतलेला एखादा स्पर्श दुपारी उपयोगी पडतो. ४–५ अशी हार आणि १–५ अशी हार यांत बाद फेरीच्या मांडणीपुरते मोठे अंतर असते. सांघिक लढतीत तिघे लढतात व चौथा राखीव असतो. नऊ टप्प्यांत ४५ स्पर्शांपर्यंत लढत जाते.

देशोदेशींच्या पद्धती : जागतिक युवा अजिंक्यपद स्पर्धेसाठी ऑलिंपिकसारखी जागतिक पात्रताफेरी नसते. प्रत्येक देशाच्या संघटनेस शस्त्रवार ठराविक जागा मिळतात आणि त्या कोणास द्यावयाच्या हे ती संघटना ठरविते. खेळाडूस स्वतःचे नाव परस्पर पाठविता येत नाही. राष्ट्रीय संघटनेमार्फत काढलेला महासंघाचा वार्षिक परवानाही लागतो. म्हणून ‘पात्र होणे’ याचा खरा अर्थ आपल्याच देशबांधवांवर मात करणे हा होय. अमेरिकेत हंगामभराच्या ठरलेल्या देशी व परदेशी स्पर्धांतील गुणांची बेरीज करून यादी प्रसिद्ध होते. कोणास किती गुण हवेत हे घरबसल्या मोजता येते. ही पद्धती पारदर्शक असली, तरी वारंवार प्रवास करू शकणाऱ्या कुटुंबांना ती अनुकूल पडते. भारतात राष्ट्रीय स्पर्धा व निवडचाचणी यांवर भर असल्याने खर्च कमी लागतो. परंतु वर्षभराचे श्रम एकदोन दिवसांच्या कामगिरीवर तोलले जातात आणि त्या सुमारास आलेला ताप किंवा मुरगळलेला घोटा सारे उलटेपालटे करू शकतो. दोहोंपैकी कोणती पद्धती अधिक न्याय्य, हा प्रश्न सुटलेला नाही.

संघात नाव आल्यावरही साहित्याचा प्रश्न उरतो. १९८२ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत सोव्हिएट फॉइलपटू व्ल्यादिमिर स्मिर्नोव्ह याच्यावर प्रतिस्पर्ध्याचे मोडलेले पाते जाळीतून शिरल्याने मृत्यू ओढवला. त्यानंतर मुखवटा, पोशाख व पाते यांचे निकष अतिशय कडक करण्यात आले. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ८०० न्यूटन दाब सोसणारा पोशाख व त्याहून दुप्पट मजबुतीचा मुखवटागळपट्टा आवश्यक असतो. स्पर्धेपूर्वी साहित्याची तपासणी होते आणि अमान्य मुखवट्यासह पट्टीवर पाऊल टाकता येत नाही. असे साहित्य बव्हंशी परदेशातून येते. वाढत्या वयाच्या मुलास ते दोनतीन वर्षांत तोकडे होते, ही अडचण कोणत्याच नियमावलीत सापडत नाही.

निवडीपासून पट्टीपर्यंतचे हे अंतर भवानी देवी (जन्म २७ ऑगस्ट १९९३) हिच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. चेन्नईतील शाळेत २००४ मध्ये खेळांची नोंदणी झाली, तेव्हा इतर खेळांतील जागा भरल्या होत्या म्हणून तिच्या वाट्यास तलवारबाजी आली. विद्युत्‌शस्त्रे महाग असल्याने सराव बांबूच्या काठ्यांनी चाले. वयाच्या चौदाव्या वर्षी ती तुर्कस्तानातील पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेस गेली. तेथे पट्टीवर तीन मिनिटे उशिरा पोहोचल्याने काळे कार्ड दाखवून तिला बाद करण्यात आले. दहावीनंतर ती केरळातील थलश्शेरी येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात दाखल झाली. तेथे तिला घडविणारे प्रशिक्षक सागर लागू हे होत. २०१० मध्ये फिलिपीन्समधील आशियाई कॅडेट स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले. पुढे मार्च २०२१ मध्ये सुधारित जागतिक क्रमवारीच्या आधारे ती टोकिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरली. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय तलवारबाज. टोकिओत तिने ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीस १५–३ असे हरविले व पुढील फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ती ७–१५ अशी पराभूत झाली. कॅडेट पदक ते ऑलिंपिक हे अंतर कापण्यास तिला अकरा वर्षे लागली.

युवा ऑलिंपिक सामन्यांत (सिंगापूर २०१०, नानजिंग २०१४, ब्वेनस एअरीझ २०१८) पात्रतेचे गणित वेगळे असते. तेथील जागा प्रामुख्याने जागतिक कॅडेट स्पर्धेतील क्रमांकावरून खंडवार वाटल्या जातात आणि जागा अगदी थोड्या असतात. सांघिक लढतीत देशांऐवजी खंडांचे संमिश्र संघ उतरतात. भारतीय मुलगा जपानी व कोरियन मुलांच्या खांद्यास खांदा लावून आशियासाठी लढू शकेल, अशी ही तरतूद आहे. २०२२ साठी ठरलेले डाकार येथील सामने २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आले.

महाराष्ट्रात या खेळाची बलस्थाने छत्रपती संभाजीनगर, नाशिक अशा शहरांत तयार झाली; छत्रपती संभाजीनगर येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षणकेंद्रही आहे. मुंबईच्या उपनगरांत लोकसंख्या मोठी, परंतु मोकळी जागा थोडी. अंधेरीतील महापालिकेचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल ओळखले जाते ते मुख्यतः जलतरण व फुटबॉल यांसाठी. वास्तविक तलवारबाजीस मैदान लागत नाही. शाळेच्या सभागृहात बाके भिंतीशी सरकविली, की दोन पट्ट्या सहज आखता येतात. उणीव भासते ती स्पर्शनोंदणीच्या यंत्रांची आणि प्रशिक्षकांची. लोकलच्या गर्दीतून शस्त्रांची लांब पिशवी सावरीत शिकवणीच्या वर्गावरून सरावास जाणारी मुले बहुधा आठवड्यातून दोनतीन दिवसच सराव करू शकतात. राज्य स्पर्धेत त्यांची गाठ पडते ती क्रीडाप्रबोधिनीत वा प्रशिक्षणकेंद्रात राहून सकाळ-संध्याकाळ सराव करणाऱ्या मुलांशी.