एक्स्पेक्ट
एक्स्पेक्ट : आज्ञारेषेवर चालणाऱ्या व माणसाला प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणाऱ्या आज्ञावल्यांशी, वापरणाऱ्याच्या वतीने, संवाद साधणारे संगणकीय साधन. टिकल या स्क्रिप्ट भाषेचा विस्तार करून अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्‌स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेतील डॉन लाइब्स यांनी ते तयार केले (१९९०).

युनिक्स परिचालन प्रणालीत वापरणाऱ्याने दिलेली आज्ञा वाचून ती पार पाडणाऱ्या आज्ञावलीस ‘शेल’ म्हणतात. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन टॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये ‘पाइप’ची सोय केली. त्यामुळे एका आज्ञावलीचे प्रदान दुसरीचे आदान होऊ लागले. परंतु हा ओघ एकाच दिशेने वाहतो, तर संवादाला दोन दिशा लागतात. शिवाय परवलीचा शब्द विचारणाऱ्या अनेक आज्ञावल्या उत्तर पाइपमधून न घेता थेट टर्मिनलवरून वाचतात. चकतीवरील माहितीची दुरुस्ती करणाऱ्या ‘एफएससीके’ या आज्ञावलीत तर सर्व प्रश्नांना सरसकट ‘होय’ वा सरसकट ‘नाही’ एवढेच उत्तर आधी सांगून ठेवता येई. प्रश्नागणिक निर्णय घ्यावयाचा असल्यास माणसाला कळफलकासमोर बसणे भाग पडे.

टिकल भाषेचा उगम वेगळ्याच गरजेतून झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जॉन औस्टरहाउट व त्यांचे सहकारी एकात्मिक मंडलांच्या आराखड्यांसाठी साधने तयार करीत. प्रत्येक साधनासाठी नवी आज्ञाभाषा रचावी लागे आणि ती घाईत रचल्यामुळे दुबळी राही. कोणत्याही आज्ञावलीत बसविता येईल व नव्या आज्ञांनी वाढविता येईल अशी एकच भाषा असावी, या विचाराने त्यांनी १९८८ मध्ये टिकलची रचना सुरू केली. जानेवारी १९९० मध्ये युझनिक्स परिषदेत त्यांनी तिच्यावर निबंध वाचला. लाइब्स यांना हवी असलेली भाषा त्यांना येथे आयती मिळाली. त्यांनी त्याच वर्षी एक्स्पेक्ट सादर केले.

एक्स्पेक्टने टिकलमध्ये घातलेल्या आज्ञांपैकी चार प्रमुख आहेत. ‘स्पॉन’ ही आज्ञा इष्ट आज्ञावली आभासी टर्मिनलवर सुरू करते. त्यामुळे समोर माणूसच आहे, असे त्या आज्ञावलीस वाटते. ‘एक्स्पेक्ट’ ठरावीक मजकुराची वाट पाहते, ‘सेंड’ उत्तर पाठविते आणि ‘इंटरॅक्ट’ संवादाची सूत्रे पुन्हा माणसाकडे सोपविते. मूळ आज्ञावलीत एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही, हे या पद्धतीचे मर्म होय.

युनिक्स यंत्रणांच्या व्यवस्थापकांत एक्स्पेक्ट झपाट्याने लोकप्रिय झाले आणि टिकलच्या आरंभीच्या वापरकर्त्यांपैकी अनेक जण त्याच्याद्वारेच त्या भाषेकडे आले. ‘देजाग्नू’ ही चाचणी यंत्रणा त्यावरच उभारलेली असून जीसीसी या संकलकाच्या चाचण्यांसाठी तिचा उपयोग होतो. पुढे पायथॉन व पर्ल या भाषांतही याच धर्तीची साधने निघाली.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. प्रश्नाचे शब्द थोडे बदलले तरी संवाद अडतो. परवलीचा शब्द स्क्रिप्टमध्ये उघडा लिहून ठेवल्यास तो चोरीस जाण्याचा धोका असतो. माणसाचा वेळ वाचतो, परंतु कोणत्या प्रश्नास कोणते उत्तर द्यावयाचे, याचा विचार त्याने आधीच करून ठेवावा लागतो. तो चुकल्यास यंत्र तीच चूक बिनदिक्कत करीत राहते.