भंडाऱ्याचे दुसरे मत

मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात एकाच मतदानातून दोन निकाल लागले. प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि त्यांच्याच जोडीने उभे असलेले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. मतदार तेच होते, मतदान केंद्रे तीच होती आणि दोघांचा प्रतिस्पर्धीही एकच होता, काँग्रेस. तरीही एकाला लोकसभा मिळाली आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला मिळाली नाही. चरित्रांतून या पराभवाला सहसा दोन-चार ओळी मिळतात. न्यायालयाचा निकाल, त्या वेळचा निवडणूक कायदा आणि मतांची उपलब्ध आकडेवारी एकत्र ठेवून पाहिली, तर तो का झाला याचे बरेच नेमके उत्तर मिळते.

पहिला कागद सर्वोच्च न्यायालयाचा आहे. चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम या खटल्याचा निकाल १५ फेब्रुवारी १९५४ रोजी लागला. तो लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. बोस नागपूरचेच, सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. भंडारा मतदारसंघ तेव्हा द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जसानी आणि तुळाराम साखरे हे काँग्रेसचे दोन्ही उमेदवार विजयी झाले होते. जसानी हे मूलजी सिक्का आणि कंपनी या विडी कारखानदार पेढीचे भागीदार होते, आणि सैनिकांसाठीच्या कॅन्टीनला विड्या पुरवण्याचे या पेढीचे केंद्र सरकारशी कंत्राट होते. सरकारी कंत्राटात हितसंबंध असलेली व्यक्ती उमेदवारीस अपात्र ठरते, या तरतुदीखाली जसानींची निवड टिकली नाही.

राखीव जागेचा प्रश्न निराळा होता. गंगाराम ठवरे यांचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला होता. ठवरे महानुभाव पंथात गेले होते, म्हणून ते महार राहिले नाहीत, असा आक्षेप होता. न्यायालयाने तीन गोष्टी तपासायला सांगितल्या: जुना समाज त्या माणसाला कसे वागवतो, त्याचा स्वतःचा हेतू काय आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. या कसोट्यांवर ठवरे महारच राहिले होते. त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेला, म्हणून संपूर्ण निवडणूकच रद्द ठरली. दोन्ही जागा एकदम रिकाम्या झाल्या आणि दोन्हींसाठी पोटनिवडणूक लागली.

ही संधी आंबेडकरांना का घ्यावीशी वाटली, हे समजण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची झालेली हेळसांड हे त्याचे एक मुख्य कारण. त्यानंतरच्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबई या द्विसदस्य मतदारसंघातून राखीव जागेसाठी उभे राहिले. फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली होती आणि सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता होते. काँग्रेसच्या नारायण सदोबा काजरोळकरांना १,३८,१३७ मते मिळाली आणि आंबेडकरांना १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा. फेडरेशनला देशभरात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या: सोलापुरातून पां. ना. राजभोज आणि करीमनगरमधून एम. आर. कृष्णा. पुढे आंबेडकर मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. म्हणजे १९५४ मध्ये ते संसदेबाहेर नव्हते. त्यांना हवे होते ते लोकांनी थेट निवडून दिलेले सभागृह.

त्यासाठी भंडारा हा मतदारसंघ अनोळखी नव्हता. फेडरेशनचा जन्मच नागपूरचा. जुलै १९४२ मध्ये नागपुरात भरलेल्या परिषदेत हा पक्ष स्थापण्याचे ठरले. एम्प्रेस आणि मॉडेल गिरण्यांत राबणारा महार कामगारवर्ग हा नागपुरातील चळवळीचा कणा होता. वसंत मून यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन वाचले की त्या काळच्या नागपूरच्या वस्त्यांतील समता सैनिक दल, फेडरेशनच्या शाखा आणि सभांना लोटणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. भंडारा तिथून साठेक किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी. त्या वेळचा भंडारा जिल्हा आजच्या गोंदियासह मोठा होता: तलावांचा, धानाचा आणि विड्यांचा. महारांची वस्ती मोठी होती. पण कुणबी, पोवार, तेली आणि इतर समाज मिळून मतदारांत बहुसंख्य होते, आणि राखीव जागेचा निकाल त्यांच्याही हातात होता.

या ठिकाणी १९३२ चा पुणे करार आठवावा लागतो. त्या करारात राखीव जागांसाठी दोन टप्प्यांची निवडणूक होती. आधी प्राथमिक निवडणुकीत फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चौघांतून सर्व मतदारांनी एकाला. प्रांतिक विधिमंडळांतील १४८ राखीव जागांपैकी २० मध्य प्रांताच्या वाट्याला आल्या होत्या. उमेदवार चार किंवा त्याहून कमी असले की प्राथमिक फेरी होतच नसे. १९४६ मध्ये कॅबिनेट मिशनपुढे आंबेडकरांनी आग्रहाने मांडले की अस्पृश्यांचा विश्वास कोणावर आहे हे प्राथमिक फेरीच्या निकालांवरून ठरवा, अंतिम निकालांवरून नको. कारण अंतिम फेरीत निर्णय सवर्ण मतदार करतात. राज्यघटनेत राखीव जागा राहिल्या, प्राथमिक फेरी मात्र राहिली नाही. १९५४ मध्ये भंडाऱ्यात आंबेडकर ज्या पद्धतीला सामोरे गेले, ती म्हणजे ज्या अंतिम फेरीबद्दल त्यांनी आठ वर्षांपूर्वी इशारा दिला होता तीच.

द्विसदस्य मतदारसंघातील मतदानाची रीत नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा हिशेब लागत नाही. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह: फेडरेशनचा हत्ती, काँग्रेसची बैलजोडी. दोन मतपत्रिका दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मोजली जाई. एक मत सर्वसाधारण उमेदवाराला आणि एक राखीव उमेदवाराला दिलेच पाहिजे, असे बंधन नव्हते. मोजणीतही क्रम ठरलेला होता. आधी अनुसूचित जातींच्या उमेदवारांतून सर्वाधिक मतांचा उमेदवार राखीव जागेवर विजयी जाहीर करायचा आणि मग उरलेल्या सर्व उमेदवारांतून सर्वाधिक मतांचा दुसऱ्या जागेवर. ‘उरलेल्या सर्व’ यांत राखीव जागेचे पराभूत उमेदवारही येत.

प्रचार एप्रिलमध्ये सुरू झाला. आंबेडकरांची प्रकृती तेव्हा ढासळलेली होती. मधुमेह आणि संधिवाताने त्यांना ग्रासले होते. राखीव जागेसाठी काँग्रेसचे उमेदवार होते भाऊराव बोरकर. नागपूर ही त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि पंडित रविशंकर शुक्ल यांचे काँग्रेस सरकार तिथे सत्तेत होते. आंबेडकरांनी प्रचारसभांतून थेट नेहरूंच्या नेतृत्वावर आणि परराष्ट्र धोरणावर टीका केली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयक करार झाला, तोच पंचशीलाचा. ऑगस्टमध्ये राज्यसभेत त्यांनी तिबेट आणि पंचशील यांवर जे सविस्तर भाषण केले, त्याची दिशा भंडाऱ्याच्या प्रचारात दिसत होती. नेहरू लोकप्रियतेच्या शिखरावर असताना ग्रामीण मतदारसंघात हा विषय काढणे मतांच्या दृष्टीने फायद्याचे नव्हते. पुढच्या आठ वर्षांनी ही टीका किती खरी होती ते दाखवून दिले. पण तो हिशेब मे १९५४ च्या पेट्यांत पडला नाही.

आंबेडकरी चळवळीत या निवडणुकीची एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या मतदारांनी एकच मत हत्तीला द्यावे आणि दुसरे कुजवावे. म्हणजे दुसऱ्या मताने कुठल्याही प्रतिस्पर्ध्याचे बळ वाढणार नाही. बाबासाहेबांनी याला नकार दिला. घटनेने दिलेला मताचा हक्क वाया घालवायला मी सांगणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय सांगितला जातो. ही आठवण आहे, त्या क्षणाचे टिपण नव्हे. म्हणून तिची पडताळणी निकालाशी करणे रास्त.

निकाल असा: राखीव जागेवर बोरकर विजयी झाले आणि आंबेडकर आठ हजारांहून अधिक मतांनी हरले. दुसऱ्या जागेवर अशोक मेहता विजयी झाले. वर सांगितलेल्या मोजणीच्या नियमावरून एक गोष्ट सिद्ध होते: मेहतांना आंबेडकरांपेक्षा जास्त मते मिळाली होती. तसे नसते तर ‘उरलेल्या सर्वांत’ आंबेडकर पहिले ठरून दुसरी जागा त्यांनाच मिळाली असती. फेडरेशनच्या मतदारांनी दुसरी मते मोठ्या प्रमाणावर कुजवली असती, तर मेहतांना ही आघाडी मिळणे फार कठीण होते. म्हणजे चळवळीत सांगितली जाणारी आठवण निकालाशी जुळते. फेडरेशनच्या मतदारांनी युती पाळली.

मग युती कुठे तुटली? मुंबईचे आकडे इथे कामी येतात, कारण तिथे चारही प्रमुख उमेदवारांची मते उपलब्ध आहेत. १९५२ मध्ये सर्वसाधारण जागा काँग्रेसच्या विठ्ठल बाळकृष्ण गांधींनी १,४९,१३८ मतांनी जिंकली. मेहतांना १,३९,७४१ मते होती. मेहता आणि आंबेडकर यांच्या मतांतील अंतर १६,१६५. याचा अर्थ किमान १६,१६५ मतदारांनी एक मत मेहतांना दिले आणि दुसरे आंबेडकरांना दिले नाही. आंबेडकरांचा पराभव झाला १४,५६१ मतांनी. समाजवादी उमेदवाराला पसंती देणाऱ्या एवढ्याच मतदारांनी दुसरे मत जोडीदाराला दिले असते, तरी आंबेडकर १,६०४ मतांनी पुढे राहिले असते. त्या निवडणुकीत ७४,३३३ मतपत्रिका बाद ठरल्या, अशी तक्रार मेहता आणि आंबेडकर यांनी मिळून अर्जात केली. अर्ज फेटाळला गेला. मते कुजवण्याचा प्रचार झाल्याचा आरोपही तेव्हा झाला आणि त्याचा रोख कम्युनिस्टांवर होता. पण बाद मतपत्रिकांचा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी मोजलेल्या मतांतूनच पराभवाचे कारण सापडते.

भंडाऱ्यात हेच पुन्हा घडले. फरक इतकाच की इथे मेहता जिंकले, त्यामुळे गोष्ट अधिक उघडी पडली. काँग्रेसविरोधी, समाजवादी उमेदवार निवडून आणण्याइतकी मते या मतदारसंघात होती. त्यांतील काही मतदारांचा हात दुसरी मतपत्रिका टाकताना हत्तीच्या पेटीपर्यंत गेला नाही.

यावरून प्रत्येक सवर्ण मतदाराने जातीपोटी मत नाकारले, असे म्हणता येत नाही. काहींना बोरकर जवळचे वाटले असतील, काहींना नेहरूंवरील टीका खटकली असेल, काहींना दोन पेट्यांची रीतच उमगली नसेल. बोरकरांना दलित मते मिळालीच नाहीत, असेही नाही. पण युतीचा भार दोन्ही बाजूंनी सारखा उचलला गेला नाही, हे या दोन निवडणुकांचे गणित निःसंशय सांगते. एका पक्षाची मते जोडीदाराकडे गेली, दुसऱ्याची पुरेशी आली नाहीत.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. बोरकरांच्या निधनानंतर १९५५ मध्ये त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर भंडाऱ्यातून लोकसभेत गेल्या. अशोक मेहता पुढे योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि काँग्रेसमध्ये गेले. आंबेडकरांनी पुन्हा लोकसभा लढवली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. धर्मांतरानंतर जात उरते का, हा ठवरे खटल्यातील प्रश्न दीक्षाभूमीनंतर लाखोंच्या बाबतीत उभा राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे नवबौद्ध अनुसूचित जातींच्या यादीबाहेर पडले आणि १९९० मध्ये कायदा बदलेपर्यंत बाहेरच राहिले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. राखीव जागेवरील उमेदवाराचे भवितव्य मात्र आजही त्या मतदारसंघातील सर्व मतदारांच्या हातात आहे.

भंडाऱ्याच्या पराभवाचा दोष आंबेडकरांच्या समाजाकडे जात नाही आणि त्यांच्या प्रचारातील स्पष्टवक्तेपणाकडेही पूर्णपणे जात नाही. ज्यांनी त्यांच्या जोडीदाराला लोकसभेत पाठवले आणि त्यांना पाठवले नाही, त्यांच्याकडे त्याचा मोठा वाटा जातो. पुरोगामी म्हणवणाऱ्या आजच्या कोणत्याही आघाडीने आपली निष्ठा जाहीरनाम्यावरून तपासू नये. दलित उमेदवाराला मित्रपक्षाची मते प्रत्यक्षात किती मिळाली, यावरून तपासावी.