‘ड’वरून डबा

आधी बुटकी हो. अजून थोडी. माजघराचा उंबरा ओलांडताना चौकट धरावी लागेल इतकी. वय चार, अंगावर परकर-पोलकं, केसांना चपचपीत खोबरेल. साल १९३०, श्रावण, सदाशिव पेठेतला वाडा. बाळंतिणीच्या खोलीला पडदा लावलाय आणि आतून ओव्या-शेपांच्या धुरीचा वास येतोय. आत तुझी आई आहे. तू तिला ‘वहिनी’ म्हणतेस, कारण काका आणि आत्या तिला वहिनी म्हणतात. वडिलांना ‘दादा’ म्हणतेस, तेही त्यांच्या धाकट्या भावंडांचं ऐकून. पंचांग मोठ्यांच्या हातात असलं, तरी घरात टिकते ती धाकट्यांच्या तोंडची हाक.

ओटीवर आजोबा तेच पंचांग उघडून बसलेत. बाळ आश्लेषा नक्षत्रावर जन्मलंय. आश्लेषाच्या चार चरणांची अक्षरं डी, डू, डे, डो. जन्मनाव ‘ड’वरून हवं. विष्णूची हजार नावं तोंडपाठ असलेले आजोबा ‘ड’पाशी अडलेत. काका पुटपुटतात, “डमरूधर?” आजी म्हणते, “काहीतरीच तुझं.”

“डबा!” तू सांगून टाकतेस.

ओटी हसते. काका धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतात. तू मात्र हसत नाहीस, कारण तू विचार करून सांगितलंयस. डबा म्हणजे कुठलाही डबा नव्हे. फडताळाच्या वरच्या खणातला, पितळी, घट्ट झाकणाचा. त्यात वहिनीचे डिंकाचे लाडू आहेत. आजी त्याला कुणाला हात लावू देत नाही. या घरात त्याच्याहून मोलाचं काही तू पाहिलेलं नाहीस.

“अजून सांग की,” काका डोळे मिचकावतात.

“डेक्कन क्वीन.”

ती जूनमध्ये सुरू झाली. दादांनी तुला खांद्यावर बसवून स्टेशनात नेलं होतं. रुपेरी डबे, त्यावर तांबडी रेघ, आणि इंजिन विजेचं, धूर न सोडणारं. इतकी माणसं एका गाडीकडे तोंड वासून बघत होती. आता घरातही सगळे तसेच एका गाठोड्याकडे बघताहेत. तुझा हिशेब कुठे चुकला ते मला तरी सापडत नाही.

मग आजी खाली मान घालून म्हणते, “धोंडू ठेवा.” हसणं थांबतं. या पाळण्यात आधी दोघं येऊन गेलीत. दगडधोंड्याचं नाव ठेवलं की दृष्ट लागत नाही, मूल जगतं, असं आजी धरून आहे, आणि पुण्यात ती एकटी नाही. ज्यांच्या गणपतीला सगळं गाव जातं ते हलवाई दगडूशेठच होते. हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढणारे, आता बहात्तर वर्षांचे झालेले कर्वेही धोंडोच. म्हणजे धोंडा चालतो आणि डबा चालत नाही. पण आजीला जे हवंय तेच तुलाही हवंय. डबा खणातून कुठेही जात नाही, म्हणून तू ते नाव दिलंस.

बारशाच्या दिवशी तुला पाळण्याच्या पायाशी जागा मिळते. बायका वरवंट्याला टोपडं घालून बाळासारखा सजवतात, गोविंद-गोपाळ म्हणत पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींकडे देतात. आत्या वाकून बाळाच्या कानात कुर्र करते, नाव सांगते, तिच्या पाठीत बुक्के बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात. तुझ्या दृष्टीनं यात एक मोठा घोळ झालाय. टोपडं दोघांना घातलं आणि नाव एकालाच मिळालं. सगळ्या जेवायला वळल्यावर तू वरवंट्याशेजारी पालथी पडून त्याच्या कानाच्या जागी तोंड नेतेस आणि कुर्र करतेस. डबा हे नाव वाया गेलेलं नाही.

आता डोळे मीट. सव्वीस वर्षं पुढे ये. या खेपेला तू मुलगा आहेस, अर्धी चड्डी, खिशात चिंचोके. १९५६चा मे महिना. पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे पार्कात गेल्याच महिन्यात लहान मुलांची आगगाडी सुरू झाली, तिचं नाव फुलराणी. तू तीत बसून आलायस आणि तेव्हापासून घरात चालत नाहीस, घरात धावतोस, वळणावर शिट्टी देतोस. प्रसूतिगृहातून आई घरी येते. मावशी दुपट्याचा कोपरा बाजूला करून तुला विचारते, “भावाचं नाव काय ठेवायचं रे?”

“फुलराणी.”

“अरे, मुलगा आहे तो!”

तू त्याच्याकडे बघतोस. तो तोंड उघडतो आणि बारीक, लांब, एका सुरात रडायला लागतो. “वाजतेय की,” तू म्हणतोस.

मावशीला हा विनोद वाटतो, पण तुला पुराव्यानिशी सिद्ध झालेली गोष्ट वाटते. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात मुलांना बसवून असलेच प्रश्न विचारले होते: सूर्याला सूर्य म्हणतात हे पहिल्यांदा कसं कळलं? लहान मुलांची उत्तरं अशी असत की नाव सूर्यातच होतं, त्याच्याकडे बघितलं की कळलं. नाव माणसं ठरवतात, वेगळंही ठेवता आलं असतं, ही समज पुढे येते. तू अजून त्या पुढच्या गावाला पोचलेला नाहीस. तुझ्यासाठी नाव आणि वस्तू एकच आहे. बाळाला फुलराणी म्हटलं की ते शिट्टीसकट, रुळांसकट, पेशवे पार्कातल्या झाडांच्या सावलीसकट फुलराणी होतं. त्या वर्षी तुझ्याकडे देण्यासारखी हीच सर्वांत मोठी चीज आहे आणि तू ती कालच आलेल्या, दात नसलेल्या, आईची मांडी अडवून बसलेल्या माणसाला देऊन टाकतोयस. त्या मांडीवर आजवर तू बसायचास. म्हणून मला या असल्या नावांवर नुसतं हसणं जमत नाही.

पुढचा मुक्काम छोटा. जुलै १९६१. १२ तारखेला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. तुमचं घर राहिलं नाही. उंचावरच्या एका शाळेच्या वर्गात तुमचं बिऱ्हाड आहे, फळ्यावर अजून बेरजा आहेत. त्याच आठवड्यात तुला बहीण झाली. दिवे नाहीत. रात्री सगळ्या वर्गात एक कंदील असतो आणि तो तिच्याजवळ ठेवतात. नाव विचारल्यावर तू म्हणतोस, “कंदील.” आई तुला जवळ ओढते. कोपऱ्यातली कोणी अनोळखी आजी म्हणते, “चांगलं आहे हो नाव.”

मग १९८८. रविवारी सकाळी साडेनऊला शेजारची निम्मी चाळ तुमच्या खोलीत येते, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. टीव्हीवर रामायण चालू आहे. तुझा भाऊ ढोल वाजो, बाण सुटो, वानरसेना ओरडो, झोपलेलाच असतो. तू जाहीर करतेस: कुंभकर्ण. आजी हात जोडून देवाची क्षमा मागते. पण मला विचारशील, तर पाच वर्षांच्या मुलीनं निरीक्षणावरून ठेवलेलं इतकं नेमकं नाव दुसरं नाही.

आता थोडं रेंगाळू, कारण १९९८मध्ये फार गोड घोटाळा होणार आहे. कोथरूड, तिसरा मजला, बाल्कनीत वाळत घातलेली दुपटी. डायनिंग टेबलवर नावांची पुस्तकं पसरलीत. आईला ‘अथर्व’ हवंय, बाबांना ‘तन्मय’, नगरहून आत्याचा फोन येऊन गेलाय की तिचा मान आहे, तिला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प आहेत. त्यांना जुनं नाव हवंय, पण त्यांना कुणी विचारलेलं नाही. तुला विचारतात, उगाच, गंमत म्हणून.

“गंगाधर,” तू म्हणतोस.

आजोबांच्या हातातला पेपर खाली येतो. “काय म्हणालास, बाळा?”

“गंगाधर.”

आजोबा उठतात. तुला उचलून घेतात. गंगाधर हे त्यांच्या वडिलांचं नाव, भिंतीवरच्या फोटोतल्या पगडीवाल्या माणसाचं. ते सगळ्यांना सांगायला लागतात की रक्तात असतं हे, लोकमान्यांच्या वडिलांचंही नाव गंगाधरच, आणि खुद्द लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव, पण घरात ‘बाळ’ म्हणायचे तेच जन्मभर चाललं, सही करतानासुद्धा. आईचा चेहरा पडतो. बाबा तुझ्याकडे संशयानं बघतात, कारण दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ लागतं तेव्हा ते तुझ्याशेजारीच असतात आणि शक्तिमान लोकांत वावरताना पंडित गंगाधर असतो, जाड चष्मा, पुढे आलेले दात, हे त्यांना ठाऊक आहे. ते तोंड उघडतात. आजोबांकडे बघतात. आणि मिटतात. त्या क्षणी त्यांनी जे केलं त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

कागदावर अथर्व लागतं. आजोबा मात्र शेवटपर्यंत त्याला गंगाधरपंत म्हणतात. तो गोल गोल फिरून उडायला बघतो तेव्हा त्यांना ते कुठून आलं हे कळत नाही.

पुढची काही वर्षं भराभर ओलांड: डोरेमॉन, नोबिता, छोटा भीम, जुळी झाली तर ढोलू-भोलू. २०२०मध्ये तर रायपूरला मोठ्यांनीच जुळ्यांची नावं कोरोना आणि कोविड ठेवली, तेव्हा मुलांकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही. आणि मोठे तरी डोळ्यांसमोरचंच देतात. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावती कर्वे १९०५मध्ये ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव पडलं. आज पुण्यातल्या बारशांना जी ‘इरा’ ऐकू येते, तिच्यातही कुणाला तरी ती नदी दिसत असेल.

उतर आता २०२२च्या मार्चमध्ये. तू साडेतीन वर्षांची आहेस. ६ तारखेला मेट्रो सुरू झाली, वनाज ते गरवारे कॉलेज, मधे आनंदनगर, आयडियल कॉलनी आणि नळस्टॉप. आजी-आजोबांनी तुला दोनदा नेलं, नुसतं जायचं आणि यायचं. गाडीतली बाई न बघता सगळं ओळखते. तुला तिचा आवाज हुबेहूब काढता येतो.

घरात नावाचं घोडं अडलंय. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते, ती बाबांनी नावाशिवाय करून टाकलीय. नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत घातलं तर विलंबशुल्कही नाही, त्यामुळे कुणाला घाई नाही. दोन अक्षरी हवं, परदेशात उच्चारता यायला हवं, वर्गात दुसऱ्याचं नसावं. मोबाइलमधल्या यादीवर आई वर-खाली करतेय. तुला कुणी विचारतही नाही. तू पाळण्याशी उभी राहतेस, हात मागे बांधतेस आणि त्या बाईच्या आवाजात सांगतेस:

“पुढील स्थानक, नळस्टॉप.”

बाळ तुझ्याकडे वळून बघतं. आजवर ते कुणाच्याही हाकेला वळलेलं नाही. तू पुन्हा म्हणतेस, ते पुन्हा वळतं. आई यादी खाली ठेवून बघायला येते. आजी म्हणते, “अगं बाई, ओ देतोय की हा!” तुझा प्रश्न मिटला. तू खाली जाऊन घसरगुंडीवरच्या सगळ्यांना सांगतेस, शाळेत बाईंना सांगतेस, डबा काढून दाखवता दाखवता शेजारच्या मुलीला सांगतेस.

तीन आठवड्यांनी आत्या येते, कानात कुर्र करून ‘विहान’ सांगते, पेढे वाटले जातात. संध्याकाळी बाबा त्याला खांद्यावर घेऊन लिफ्टमधून खाली येतात. गेटवरचे वॉचमनकाका खुर्चीतून उठतात आणि मनापासून विचारतात, “काय साहेब, नळस्टॉपला सर्दी झाली होती म्हणे, आता बरा आहे ना?”