तुमच्याकडील शिवराईची किंमत किती?

१/ “आजोबांच्या पेटीत शिवराई सापडली, किती रुपये येतील?” नाण्यांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर बाजारात शोधण्याआधी इतिहासात शोधावे लागते. कसे, ते पाहू.

२/ शिवराई हे तांब्याचे नाणे. १६७४ मध्ये रायगडावर झालेल्या राज्याभिषेकाशी तिचा उदय जोडला जातो. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ आणि कडेने बिंदूंचे वर्तुळ. दख्खनच्या बाजारात फारसी लेखांची नाणी खेळत असताना ही अक्षरे देवनागरीत उमटली.

३/ मात्र नाण्यावर महाराजांचे नाव आहे, म्हणून ते महाराजांच्याच काळातले ठरत नाही. हाच लेख पुढील छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही पाडला जात राहिला. मधोमध दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ तर पेशवाईच्या अखेरची आणि कंपनी सरकारच्या आरंभीची.

४/ किंमत ठरते ती इथे. दुदांडी विपुल सापडते, म्हणून माफक दरात मिळते. आरंभीची, स्पष्ट अक्षरांची शिवराई दुर्मीळ, म्हणून महाग. वय नव्हे, दुर्मीळता मोल ठरवते.

५/ मग काळ ओळखायचा कसा? अक्षरांचे वळण पाहावे. ‘शिव’ की ‘सिव’, ‘पति’ की ‘पती’, हे भेद नोंदवावेत. वजन करावे: आरंभीच्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, उत्तरकालीन बहुधा हलक्या. कडेला ओतकामाची शीण दिसली, तर सावध व्हावे. अस्सल शिवराई हातोड्याच्या घावाने ठसा उमटवून पाडलेली असते.

६/ लेख अपुरा दिसला, तरी निराश होऊ नये. ठसा बहुधा चकतीहून मोठा असे, त्यामुळे काही अक्षरे बाहेरच राहत. जितकी अधिक अक्षरे चकतीवर उतरली, तितके मोल अधिक.

७/ चिंच, लिंबू, पितांबरी यांपासून नाणे दूर ठेवा! तांब्यावरचा तपकिरी-हिरवट थर हा अस्सलपणाचा एक साक्षीदार असतो. घासून चकचकीत केलेल्या नाण्याचे मोल घटते आणि झिजलेले अक्षर पुन्हा उमटत नाही.

८/ दर पाहताना विक्रेत्याने सांगितलेला आकडा धरू नये. तशाच प्रकारचे आणि तशाच अवस्थेतले नाणे लिलावात प्रत्यक्ष कितीला गेले, ते पाहावे. ‘लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा’ ही निव्वळ फसवणूक. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जुन्या नाणी-नोटांच्या अशा व्यवहारांबाबत जाहीर इशारा दिला होता.

९/ कायदाही ध्यानात असू द्यावा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते. ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.

१०/ शिवराईवर बहुधा ना वर्ष असते, ना टांकसाळीचे नाव. म्हणून ती कोठे, कशासोबत सापडली, ही माहिती अभ्यासकाला मोलाची. ती नोंद हरवली, की नाणे उरते, पुरावा जातो. विकायचे असो वा जपायचे, आधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन, व्यास आणि प्राप्तिस्थान वहीत उतरवून ठेवा. मग किंमत विचारा.